कात्रज ते पसरणी: चॅरिटी राइडला मार्शल म्हणून उभं राहताना

थंडी पडली की पुणे-पाचगणी मार्गावर मदतनिधीसाठीच्या सायकल राइड निघू लागतात आणि त्यासोबत 'मार्शल हवेत', म्हणजे वाटेत उभं राहून सायकलस्वारांना सावध करणारे स्वयंसेवक हवेत, हे मेसेजही फिरू लागतात. नाव द्यायला हरकत नाही, पण जॅकेट अंगात घालण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. शर्यतीत उतरणाऱ्याला आपल्या सायकलचे ब्रेक किती लागतात हे माहीत असतं. चॅरिटी राइडला येणारे बरेचसे लोक सोसायटीतल्या कुणाची तरी सायकल मागून आणतात, आयुष्यात पहिल्यांदाच शंभर किलोमीटर करणार असतात आणि त्यांनी नातेवाईक, ऑफिसातले सहकारी अशा वीस-पंचवीस जणांकडून देणगी गोळा केलेली असते. त्यामुळे पाय गळाले, डोळ्यांपुढे अंधारी आली तरी ते थांबत नाहीत. 'लोकांना तोंड कसं दाखवू' हा या राइडमधला खरा धोका आहे आणि मार्शलला दिवसभर त्याच्याशीच झुंजावं लागतं.

आधी अधिकाराचं बोलू. मार्शलला वाहतूक अडवता येत नाही. तो अधिकार पोलिसांचा आहे, म्हणून ज्या चौकात गाड्या थांबवायच्या आहेत तिथे पोलीस कर्मचारी मिळेल याची तजवीज आयोजकांनी परवानगी घेतानाच करायला हवी. हात आडवा करून ट्रकसमोर उभं राहणारा मार्शल स्वतः तर मरेलच, शिवाय मागच्या सायकलवाल्याला 'रस्ता मोकळा आहे' अशी खोटी खात्री देऊन जाईल. तुमचं बोलणं गाडीवाल्याशी नाही, सायकलवाल्याशी आहे. तेही दोन शब्दांत: 'वळण, हळू!', 'डावीकडे वाळू!', 'मागून एसटी!' नुसतं 'काळजी घ्या' ओरडण्याचा काही उपयोग नाही. ऐकणाऱ्याला त्यातून काय करायचं ते कळत नाही.

नवे मार्शल जवळजवळ नेहमीच नेमके वळणावर उभे राहतात. तिथे खूप उशीर झालेला असतो. उतारावर ताशी ४० किलोमीटरने येणारा सायकलस्वार सेकंदाला ११ मीटर कापतो. तुम्हाला पाहून ब्रेककडे बोटं जाईपर्यंत दीड सेकंद, म्हणजे १६-१७ मीटर गेले. कोरड्या डांबरावर बऱ्यापैकी ब्रेक लागले तर आणखी १५ मीटर, दवाने रस्ता ओला असेल तर त्याच्या दुप्पट. म्हणजे किमान ५० मीटर आधी तुम्ही त्याला दिसलाच पाहिजेत आणि थोडं अंतर हाताशी शिल्लक ठेवायचं म्हटलं तर ६०-७० मीटर धरावेत. वळणाच्या बाहेरच्या कडेला उभं राहू नये, कारण ताबा सुटलेली सायकल तिथेच येते. गाडीच्या किंवा झाडाच्या सावलीतही नको. सकाळच्या तिरप्या उन्हात सावलीतलं जॅकेट दिसतच नाही.

आता रस्ता. कात्रजचा जुना घाट पहाटे चढायचा असतो, म्हणून सायकलला मागचा लाल दिवा नसेल तर त्या माणसाला सुरुवातीच्या ठिकाणीच थांबवावं, दिवा लावून मगच सोडावं. वरचा जुना बोगदा अरुंद आणि अंधारा आहे. बाहेरच्या उजेडातून आत शिरल्यावर काही क्षण काहीच दिसत नाही, म्हणून दोन्ही तोंडांशी एकेक माणूस हवा आणि गॉगल कपाळावर सरकवायला सांगायला हवं. पुढे हायवेवर शिरवळपर्यंत सर्वांत त्रास सर्व्हिस रोड जिथे मुख्य रस्त्याला मिळतात तिथे आणि बसथांब्यांवर होतो. उलट्या बाजूने येणारी मोटारसायकल आणि अचानक डावीकडे घुसून थांबणारी वडापची प्रवासी जीप, या दोघांसाठी डोळे उघडे ठेवावेत.

खंबाटकीचा घाट साताऱ्याकडे जाताना एकेरी आहे, त्यामुळे समोरून गाडी येत नाही. लोक एवढ्यावरच निर्धास्त होतात. चढावर भरलेले ट्रक सायकलच्याच वेगाने रांगतात आणि कंटाळलेला सायकलवाला ट्रक आणि कठडा यांच्यामधून पुढे घुसतो. वळणावर ट्रकचं मागचं चाक आत येतं तेव्हा ती फट संपते. इथल्या मार्शलने एकच वाक्य म्हणत राहावं: 'ट्रकच्या मागेच रहा.' उतारावर कुणालाही फोटोसाठी, पाण्यासाठी थांबू देऊ नये. मागून येणाऱ्या अवजड गाडीचे ब्रेक तापलेले असतात. नव्या बोगद्याच्या कामामुळे या पट्ट्यातली वळणवाटांची मांडणी बदलत आली आहे, म्हणून राइडच्या आठवड्यात एकदा स्वतः जाऊन पाहिल्याशिवाय मार्शलच्या जागा ठरवू नयेत.

सुरूर फाट्याला हायवे सोडल्यावर सगळे सैलावतात आणि नेमका तिथेच उसाचा ट्रॅक्टर भेटतो. गाळपाच्या हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर वाईच्या रस्त्यावर असतातच. पहिल्या ट्रॉलीला ओलांडलं की झालं असं वाटून माणूस डावीकडे येतो आणि दुसरी ट्रॉली त्याला घासते. रस्त्यावर सांडलेला ऊस बारीक टायरला वाळूइतकाच घातक. मोटारसायकलवरच्या मार्शलने तो पायाने बाजूला सारत जावं.

वाईहून पाचगणीला चढणाऱ्या पसरणी घाटात सर्वांत जास्त माणसं लावावीत. वाई साधारण ७२० मीटर उंचीवर, पाचगणी १,२९० च्या आसपास, म्हणजे दहा-बारा किलोमीटरमध्ये पावणेसहाशे मीटर चढ आणि तोही पायांत नव्वद किलोमीटर साचल्यावर. ताशी आठच्या खाली वेग गेला की सायकल सरळ चालत नाही, हॅंडल डावी-उजवीकडे हलतं. वरून शनिवार-रविवारची पर्यटकांची गर्दी उतरत असते. माकडांना खायला घालायला गाड्या वळणावरच थांबतात, मग मागची गाडी बाहेर काढून ओव्हरटेक आणि समोर आपला डुलणारा सायकलवाला. अशा जागी दोघं हवेत, एक वळणाच्या खाली, एक वर. वरच्याने शिट्टी वाजवली की खालच्याने सायकलवाल्याला कडेला घ्यायचं. शिट्टीचा अर्थ आदल्या दिवशीच ठरवावा: एक लांब म्हणजे गाडी येते आहे, तीन तोकड्या म्हणजे अपघात. ज्याला उतरून चालायचं आहे त्याला चालू द्यावं. 'थोडंच राहिलंय' असं खोटं सांगू नये, उरलेले किलोमीटर सांगावेत.

माणसं कमी पडतात, ही सगळ्याच आयोजकांची रड. त्यावर उपाय वेळेच्या गणितात आहे. ताशी २५ ने जाणारा आणि ताशी १४ ने जाणारा यांच्यात कात्रजला जेमतेम अर्ध्या तासाचं अंतर पडतं. पसरणीच्या पायथ्याशी तेच अंतर पावणेतीन तासांवर जातं. म्हणजे कात्रजचे मार्शल लवकर मोकळे होतात, त्यांना गाडीत घालून थेट वाईला न्यावं. उलट पसरणीतल्या माणसाला तीन तास उन्हात उभं राहायचं आहे, त्याला बदली, टोपी, दोन लिटर पाणी आणि जेवण न विसरता पोहोचवावं. भुकेलेला मार्शल फोनमध्ये डोकं घालतो.

पिशवीत काय हवं? हातमोजे, सलाइनची छोटी बाटली, निर्जंतुक गॉझ, क्रेप बँडेज, चिकटपट्टी, कात्री. सायकलसाठी दोन टायर लिव्हर, दोन्ही प्रकारच्या व्हॉल्व्हना चालणारा पंप, ७०० आणि २९ मापाच्या ट्यूब, ४-५-६ च्या ॲलन की, चेन तोडायचं हत्यार, झिप टाय. पंक्चर काढताना टायरच्या आतून बोट फिरवून काटा किंवा तार शोधल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका, दहा मिनिटांत तीही बसते. मागचा गिअर स्पोकमध्ये अडकतोय असं दिसलं तर बहुधा हॅंगर, म्हणजे तो गिअर ज्याला लटकतो तो धातूचा तुकडा, वाकलेला आहे. रस्त्यावर तो सरळ करण्याचा पराक्रम न करता सायकल गाडीत टाकावी.

कुणी पडलं तर पहिली धाव जखमीकडे नको. एकाने मागे ५० मीटर जाऊन येणाऱ्यांना हळू करावं, मग दुसऱ्याने जवळ जावं. मान दुखत असेल, गुंगी असेल तर हलवू नये. श्वास अडत नसेल तर हेल्मेटही काढू नये. पाणी पाजायचा मोह सगळ्यांना होतो, डोक्याला मार असेल तर ते टाळावं. १०८ ला फोन करताना गावाचं नाव, किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि रस्त्याची दिशा सांगावी. 'घाटात, तिसऱ्या वळणावर' यावरून रुग्णवाहिका पोहोचत नाही. डोक्याला मार बसल्यावर माणूस उठून 'मी ठीक आहे' म्हणतो, पण आज वार कोणता, कुठून निघालो हे सांगताना अडखळतो. त्याची राइड तिथेच संपली, त्यावर चर्चा नाही. पोलिसांच्या झंझटीची भीती बाळगू नये. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १३४-ए मदत करणाऱ्याला संरक्षण देतं.

अकरानंतर उन्हाचे रुग्ण सुरू होतात. ओआरएसची २१ ग्रॅमची पुडी एक लिटरसाठी असते. ती अर्ध्या बाटलीत ढवळून पाजली की उलटी होते आणि दोष उन्हाला जातो. दुसरीकडे, नुसतं पाणी ढोसत आलेला, पोट फुगलेला, मळमळणारा माणूस दिसला तर त्याला आणखी पाणी न देता डॉक्टरकडे पाठवावं, त्याच्या रक्तातलं सोडियम उतरलेलं असू शकतं. घाम थांबला, बोलणं बरळल्यासारखं झालं तर सावलीत घेऊन अंगावर पाणी ओतत वारा घालावा आणि फोन लावावा. घाम सुरू असला तरी बरळणं हे एकच लक्षण पुरेसं आहे.

शेवटी, थकल्यावरही मदतीच्या गाडीत न बसणारे. ही भांडणं रस्त्यावर सुटत नाहीत, नावनोंदणीच्या वेळीच सोडवावी लागतात. देणगी किलोमीटरवर अवलंबून नाही आणि ठरलेल्या वेळेनंतर घाटात सोडणार नाही, हे फॉर्मवर लिहून सही घ्यावी. मग सगळ्यांच्या मागून येणाऱ्या स्वीप मार्शलला हुज्जत घालावी लागत नाही, घड्याळ दाखवलं की पुरतं. स्वीपने शेवटच्या माणसाच्या पुढे कधीच जायचं नाही, पंक्चरसाठीही नाही. त्याला मागे टाकून गेलात की त्या पट्ट्यात शोधणारं कुणी उरत नाही.

मोजणी बिब नंबरने, म्हणजे प्रत्येक सायकलस्वाराला दिलेल्या क्रमांकाने करावी, डोकी मोजून नाही. सुरुवातीला, शिरवळला, वाईत आणि शेवटी अशा चार याद्या, आणि ज्याने राइड सोडली त्याचा नंबर, जागा, वेळ. हमखास दोन-तीन नंबर जुळत नाहीत. बहुतेक वेळा ते वाईला नाश्ता करून न सांगता एसटीने घरी गेलेले असतात, किंवा पाचगणीला पोहोचून कुणाला न विचारता पसरणीतून खाली सुटलेले असतात, चढणाऱ्यांच्या समोरून. म्हणून यादी जुळेपर्यंत, निदान प्रत्येक नंबरवाल्याशी फोनवर बोलणं होईपर्यंत, रुग्णवाहिका आणि घाटातले शेवटचे दोन मार्शल सोडू नयेत.