तुम्ही विचारलंत म्हणून: व्हर्जिलला नरकात का ठेवलं?

मी दान्ते वाचते, म्हणजे त्या इटालियन कवीचं ‘डिव्हाइन कॉमेडी’, ज्यात तो स्वतः नरक, मग शुद्धीचा डोंगर, मग स्वर्ग असा फिरतो आणि पहिल्या दोन्हींत वाट दाखवायला रोमन कवी व्हर्जिल असतो, असं म्हटलं की दोन प्रश्न येतातच. एक, एवढा पक्का ख्रिश्चन कवी आणि त्याच्या नरकात ग्रीक-रोमन पुराणातली मंडळी काय करतायत, म्हणजे उचलेगिरीच ना ही? आणि दोन, ज्या व्हर्जिलकडून एवढं घेतलं त्यालाच नरकात का ठेवलं?

पहिला लगेच संपवते. हो, उचललंय. नावाडी कॅरन, न्यायनिवाडा करणारा मायनॉस, तीन डोक्यांचा सर्बेरस कुत्रा, सगळे व्हर्जिलच्या ईनिड या महाकाव्याच्या सहाव्या सर्गातले, जिथे नायक इनिअस सिबिल या भविष्यवेत्तीबरोबर पाताळात उतरतो मेलेल्या बापाला भेटायला. पण जसंच्या तसं ठेवलंय का? ईनिडमध्ये सिबिल त्या कुत्र्यापुढे मध आणि गुंगीचं औषध घातलेला गोळा टाकते. दान्तेकडे त्याच्या जबड्यांत मुठी भरभरून माती फेकली जाते, आणि फेकतो कोण, तर खुद्द व्हर्जिल! स्वतःच्याच कवितेतल्या कुत्र्याला माती चारतोय. मायनॉसला तर दान्तेने शेपूट लावलीय, ती तो अंगाभोवती गुंडाळतो, जितके वेढे तितकं खालचं वर्तुळ. आणि पुढे पंचविसाव्या सर्गात माणसांचे साप होतात तेव्हा दान्ते सरळ म्हणतो की रूपांतरांच्या कथा लिहिणाऱ्या रोमन कवी ओव्हिडने आता गप्प बसावं, माझ्यासारखं रूपांतर त्याने केलेलंच नाही, आणि हे म्हणतो ते चोरांच्याच खंदकाच्या काठी उभं राहून. एवढा निर्लज्ज चोर मला तरी माहीत नाही. असो.

दुसरा प्रश्न मात्र लागतो. त्याला मी पूर्वी एक ठरलेलं उत्तर फेकायचे, की बाप्तिस्मा नाही तर स्वर्ग नाही, 1300 सालचा धर्म तसा होता, दान्तेचा नाइलाज होता बिचाऱ्याचा. लोक मान डोलवायचे, विषय संपायचा.

मग आमच्या वाचनगटात एकदा पुर्गातोरिओचा, म्हणजे शुद्धीच्या डोंगरावरच्या दुसऱ्या भागाचा, तिसावा सर्ग मी वाचला. डोंगर चढून झालाय, बिआत्रिचे, दान्तेने जिच्यावर प्रेम केलं ती, आता मेलेली, येतेय, देवदूत फुलं उधळतायत आणि मधेच लॅटिनमध्ये एक ओळ म्हणतात, ओंजळी भरून लिली द्या, ती ओळ ईनिडमधली, अकाली मेलेल्या मार्सेलसच्या शोकातली. स्वर्गाच्या उंबऱ्याशी स्वागताला कोणाची ओळ, तर व्हर्जिलची. दान्तेचं रक्त थरथरतं, घाबरलेलं पोर आईकडे धावतं तसा तो डावीकडे वळतो, व्हर्जिलला सांगायला की जुन्या ज्वाळेच्या खुणा मला ओळखू येतायत. हीसुद्धा ईनिडमधलीच, इनिअसच्या प्रेमात पडलेल्या डिडो राणीची ओळ. व्हर्जिलचीच ओळ व्हर्जिलला ऐकवायला वळतो आणि व्हर्जिल तिथे नाही. गेलाय. निरोप नाही, काही नाही. मग तीन ओळींत तीनदा नाव येतं, व्हर्जिल, व्हर्जिल, व्हर्जिल, आणि हेही व्हर्जिलच्याच जॉर्जिक्स या दुसऱ्या काव्यातलं, तिथे ऑर्फियसचं तुटलेलं मुंडकं नदीतून वाहत जाताना तीनदा गमावलेल्या बायकोला, युरिडिसीला हाक मारतं. बिआत्रिचेचा पहिला शब्द येतो तो ‘दान्ते’. अख्ख्या काव्यात त्याचं नाव एवढं एकदाच येतं, आणि ते कशासाठी, तर व्हर्जिल गेला म्हणून रडू नकोस, तुला अजून वेगळ्याच घावासाठी रडायचंय, हे सांगायला.

मी हे सगळं फार रंगून सांगत होते, ऑर्फियस वगैरे. गटात एक रिटायर्ड शिक्षिका होत्या, आयुष्यभर संस्कृत शिकवलेलं, कमी बोलायच्या. त्या म्हणाल्या, “म्हणजे गुरूसाठी रडायचं तेसुद्धा गुरूच्याच ओळी घेऊन, आणि गुरूला पाठवायचं परत अंधारात. आणि तुम्ही याला सौंदर्य म्हणताय?” मी तेच नाइलाजाचं उत्तर दिलं. त्या म्हणाल्या, “नाइलाज कसला, लिहिणारा तोच ना?” त्यानंतर त्या आल्या नाहीत. मी फोन केला, तर म्हणाल्या तब्येत बरी नसते. असेलही.

पण ते वाक्य काही केल्या जाईना. कारण खरंच, लिहिणारा तोच. त्याच पुर्गातोरिओच्या पायथ्याशी राखणीला कोण बसवलाय? केटो. ख्रिस्ताच्या आधीचा रोमन, त्यातून आत्महत्या केलेला. म्हणजे हवं तिथे दार उघडता येत होतं की! स्टॅटियस या नंतरच्या रोमन कवीला दान्ते छुपा ख्रिश्चन करून टाकतो, आणि तो झाला कशामुळे तर व्हर्जिलची कविता वाचून. स्टॅटियस स्वतःच व्हर्जिलला म्हणतो, तू रात्री दिवा पाठीमागे धरून चालणाऱ्यासारखा होतास, मागच्यांना उजेड मिळाला, तुला नाही. सुंदर आहे, मी पाठ केलंय ते. पण हे म्हणणाऱ्याला वर न्यायचं आणि ज्याला म्हटलं तो खाली, ही कुठली रीत?

मग मी उलटं बोलायला लागते, की व्हर्जिलला वाचवला असता तर त्या तीन हाकांमध्ये राहिलं काय असतं? आणि दान्ते स्वतः फ्लॉरेन्समधून 1302 साली हद्दपार झालेला, परत न जाता 1321 मध्ये राव्हेन्नात मेलेला, दाराबाहेर राहणं त्याला शिकवायला नको. हे मला पटतं, मग दोन दिवसांनी पटत नाही, एकाच्या नशिबी हद्दपारी आली म्हणून दुसऱ्याची नरकवारी माफ होत नाही.

त्यालाही हे छळत असणार. पारादिसोच्या, म्हणजे स्वर्गाच्या भागाच्या, एकोणिसाव्या सर्गात तो चक्क आपल्याकडे येतो, म्हणजे सिंधूच्या काठावर. तिथे एक माणूस जन्मतो, ख्रिस्ताचं नाव सांगणारं कोणी नाही, वागणं चांगलं, मेला बिनबाप्तिस्म्याचा, त्याचा दोष काय? उत्तर मिळतं ते दटावणीचं, वीतभर नजरेने हजार मैलांवरचा न्याय करणारा तू कोण. आणि लगेच पुढच्या सर्गात रायफिअस हा ट्रोजन स्वर्गात दिसतो. ईनिडच्या दुसऱ्या सर्गात मरताना दोन-तीन ओळींपुरता येतो, ट्रोजनांमधला सगळ्यात न्यायी, बास, एवढीच ओळख. व्हर्जिलचं हे एवढंसं पात्र स्वर्गात आणि व्हर्जिल लिम्बोत, नरकाच्या पहिल्या वर्तुळात, जिथे बिनबाप्तिस्म्याचे भले लोक.

हे बाईंना सांगायचं राहूनच गेलं. सांगितलं असतं तर बहुतेक आणखी चिडल्या असत्या.