आमची वाटचाल : पन्नास टनी प्रेस आणि तिचा गार्ड

1998 मध्ये नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये पत्रा दाबून कापणाऱ्या 10 टनी जुन्या प्रेसवर सुरुवात केली. लोहाओळीतून, म्हणजे लोखंडाच्या बाजारातून, पत्रा आणायचा आणि कूलरचे मोटर ब्रॅकेट, पंपाचे क्लॅम्प मारायचे. भांडवल माझं, अक्कल आमच्या मिस्त्रींची. डाय-पंचमधला, म्हणजे खालच्या साच्या आणि वरच्या ठोक्यामधला, क्लिअरन्स (फट) ते नुसत्या कटच्या आवाजावरून सांगायचे. त्यांनी घासलेला पहिला पंच आजही माझ्या टेबलावर आहे. पुढची दहा वर्षं बरी गेली.

मार्च 2009. नागपुरात कूलरचा सीझन म्हणजे काय, हे धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. 50 टनी प्रेसवर मोठा ब्रॅकेट चालू होता आणि गार्डमुळे, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून लावलेल्या आडोशामुळे, पीस घालायला वेळ लागत होता. गार्ड काढला. मिस्त्री नको म्हणाले होते. काढायला मीच सांगितलं, हे मी कोर्टातही लपवलं नाही.

क्लचची की, म्हणजे फिरतं चाक प्रेसला जोडणारी खुंटी, झिजलेली होती. पायडल सोडल्यावरही प्रेसने दुसरा स्ट्रोक मारला आणि आमच्या ऑपरेटरची उजव्या हाताची दोन बोटं गेली. तेवीस वर्षांचा पोरगा. भरपाईच्या कायद्याच्या तक्त्यात एका हाताची दोन बोटं म्हणजे 20 टक्के कमाईची क्षमता गेली, असं लिहिलंय. तो आकडा मी किती वेळा वाचला असेल.

मग निरीक्षक आले, पंचनामा झाला, प्रेस बंद झाली. कारखाने अधिनियम, 1948 चं कलम 21, म्हणजे यंत्राला कुंपण. खटला भोगवटादार, म्हणजे कारखान्याचा ताबा असलेला मालक, म्हणून माझ्यावर आणि व्यवस्थापक म्हणून मिस्त्रींवर. ज्यांनी नको म्हटलं तेच आरोपीच्या पिंजऱ्यात माझ्या बाजूला उभे राहिले. दंड दोघांनाही झाला, दोघांचाही मी भरला. पण भर कोर्टात त्यांनी खाली घातलेली मान मी भरून देऊ शकलो नाही. तीन महिन्यांत ते गावी निघून गेले.

आता जे मनात सलतं तेही लिहितो. मागच्याच गल्लीत आमच्यासारखंच काम करणारी एक शेड होती. आमची प्रेस बंद असताना त्या मालकाने आमच्या एकेका गिऱ्हाइकाकडे जाऊन सांगितलं, "तिथं केस चालू आहे, माल अडकेल." नगामागे 40 पैसे कमी लावले. ते 40 पैसे कुठून निघाले? त्याच्या एकाही प्रेसला गार्ड नव्हता. मी जाळ्या बसवल्या, तासाचे नग घटले, दर वाढला आणि महाग म्हणून लोकांनी मलाच सोडलं. सातपैकी सहा गिऱ्हाइकं गेली. बँकेचे हप्ते थकले, बायकोचे दागिने गेले.

राहिले ते फक्त एक कूलरवाले काकाजी. भर सीझनमध्ये त्यांचा माल माझ्याकडे अडकला होता. फोन आला तेव्हा शिव्या खायची तयारी ठेवूनच उचलला. ते म्हणाले, "पोराचा हात कसा हाय, थे सांग पहिले. ब्रॅकेटचं मंग पाहू." पुढची दोन वर्षं त्यांच्या एकट्याच्या ऑर्डरवर शेडचं भाडं निघालं. वाढलेला दर त्यांनी एकदाही घासला नाही.

नव्या पोरांना एक सांगतो. की क्लचच्या प्रेसला दोन हातांची बटणं लावून निश्चिंत होऊ नका. तो क्लच एकदा लागला की स्ट्रोक पूर्ण झाल्याशिवाय थांबत नाही आणि डबल स्ट्रोक बटणाला विचारून येत नाही. डायभोवती जाळीच पाहिजे. पीस चुंबकाने किंवा चिमट्याने उचला. डाय बसवताना रॅमखाली, म्हणजे वरून खाली येणाऱ्या भागाखाली, ठोकळा लावा. की आणि स्प्रिंग दर महिन्याला उघडून पाहा.

21 नोव्हेंबर 2025 पासून कामगारांच्या सुरक्षेची आणि आरोग्याची नवी संहिता लागू झाली आहे. नियम मोडल्यामुळे गंभीर इजा झाली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 2 ते 4 लाख दंड, किंवा दोन्ही. माणूस गेला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान 5 लाख दंड, किंवा दोन्ही. त्या दंडातला निदान अर्धा भाग जखमीला किंवा वारसांना द्यायला कोर्ट सांगू शकतं. आमच्या वेळी दंड सरकारात जमा झाला, पोराच्या हाती त्यातलं काही आलं नाही. आणि "वीज वापरणारा कारखाना आता 20 कामगारांपासून, आपल्याकडे पंधराच आहेत" असं जे म्हणतात, त्यांनी नीट वाचावं. 10 कामगारांपासून आस्थापना म्हणून ही संहिता लागू आहेच.

तो पोरगा आज आमचं स्टोअर सांभाळतो. गार्डच्या चाव्या त्याच्याकडे असतात, माझ्याकडे नाहीत.

मागच्या गल्लीतली ती शेड गेल्या वर्षी विकली गेली. तिथली 30 टनी प्रेस मी घेतली, मशीन चांगली होती. आणून पाहिली तर बॉडीला गार्ड बसवायला एकही भोक नव्हतं. पत्रा लावण्याआधी, पहिल्याच दिवशी, चार भोकं पाडून आटे मारून घेतले.