अंतराळ स्थानकाचं रडार-चित्र, तेही अंतराळातूनच

म्युनिकहून एस-८ लोकलने हेरशिंगकडे निघालं की वाटेत वेसलिंग लागतं. जवळच ओबरफाफेनहोफेन, म्हणजे जर्मन अंतराळ संस्था डीएलआरचं मोठं केंद्र. टेरासार-एक्स हा रडार उपग्रह इथूनच चालवतात. त्याचं रोजचं काम जमिनीची चित्रं घेण्याचं. पण १३ मार्च २००८ रोजी त्याने १९५ किलोमीटरवरून चक्क आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक टिपलं.

राजेंद्रनगरच्या गच्चीवरून ते नुसत्या डोळ्यांनी दिसतं, मग हा खटाटोप कशाला, असं आपले इंदूरकर विचारतील. दिसतं ते त्याच्यावर ऊन असतं म्हणून, तेही पहाटे नाहीतर तिन्हीसांजेला. रडारला उन्हाची गरज नाही; ते स्वतःच रेडिओ लहरी सोडतं आणि वस्तूवर आपटून परतलेला त्यांचा प्रतिध्वनी ऐकतं. शिवाय या प्रतिध्वनीची ताकद अंतराच्या चौथ्या घाताने घटते. अंतर निम्मं केलं की ती सोळापट होते, म्हणून अंतराळातल्या कचऱ्याचे बारीक तुकडे कक्षेतूनच शोधणं फायद्याचं.

खरी गोम वेळेत आहे. १९५ किलोमीटरवरचा प्रतिध्वनी १.३ मिलिसेकंदांत परततो. ५१४ किलोमीटर खालच्या जमिनीचा यायला साडेतीन तरी लागतात. ऐकण्याची वेळ नेहमीचीच ठेवली तर स्थानक हातचं गेलंच. त्यात सापेक्ष वेग सेकंदाला ९.६ किलोमीटर आणि गाठ जेमतेम तीन सेकंदांची. वेळेचा अंदाज एका सेकंदाने हुकला, तर उपग्रहाच्या दृष्टीने स्थानक ९.६ किलोमीटर पुढे निघून गेलेलं असतं!

चित्राची बारकाई अंतराच्या दिशेने बँडविड्थवर, म्हणजे लहरींच्या वारंवारतांचा पट्टा किती रुंद आहे त्यावर ठरते: १५० मेगाहर्ट्‌झला एक मीटर, ३०० ला अर्धा. आडव्या दिशेने मात्र पाहण्याचा कोन किती बदलला ते महत्त्वाचं. ३.१ सेंटिमीटर तरंगलांबीला ९ अंश मिळाले तर साधारण १० सेंटिमीटर. पण तेवढ्या वेळात अंतर कसकसं बदललं ते काही मिलिमीटरपर्यंत कळायला हवं, नाहीतर चित्र फिसकटतं. कक्षेची माहिती इतकी काटेकोर कुठून असणार? मग एखादा ठळक बिंदू धरून त्याच्या फेजवरून, म्हणजे परतलेली लहर आवर्तनाच्या कुठल्या टप्प्यावर आहे त्यावरून, गणित दुरुस्त करत जातात. २०१२ मध्ये संपर्क तुटलेल्या एन्व्हिसॅट या युरोपीय उपग्रहासारखी वस्तू कोलांट्या खात असेल, तर तिच्या फिरण्याचा वेगही शोधावा लागतो. तो चुकला की आडवी लांबी खोटी निघते.

हाती येतं ते फोटोसारखं नसतं. कोपरे आणि कडा लखलखतात. सपाट पत्रे लहरी भलतीकडेच फेकतात, म्हणून ते काळे दिसतात. मधे काळं आहे म्हणजे तिथे काही नाही, असं समजू नये.