विझार्डला कापू नका, त्याला झोपू देऊ नका

आमच्या डी अँड डीच्या (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून गोष्ट रंगवायचा खेळ) ग्रुपवर परत तोच विषय निघालाय, विझार्ड म्हणजे जादूगार लई ओव्हरपॉवर्ड आहे, त्याचे स्पेल म्हणजे मंत्र कापा. म्हणणारा गडी खरोखरचा तालमीतला, बेळगावच्या शहापुरातल्या मातीत अंग घासलेला, आणि खेळतोय पण फायटरच, म्हणजे तलवारवाला. विझार्ड माझा मावसभाऊ, इंजिनिअरिंगचा पोरगा, नियमाचं पुस्तक तोंडपाठ. मी डीएम, खेळ चालवणारा, म्हणजे शिव्या दोन्हीकडनं मलाच.

आधी डॅमेजचं बघू, कारण सगळे तिथंच भांडतात. पाचव्या लेव्हलला फायरबॉल हा आगीचा मंत्र ८डी६, म्हणजे सहा बाजूंचे आठ फासे, सरासरी २८. त्याच लेव्हलला फायटर दोनदा मारतोय, स्ट्रेंथ १८ आणि हातात ग्रेटस्वोर्ड असली तर दोन्ही वार लागून सरासरी २२, ॲक्शन सर्ज टाकला, म्हणजे त्याच टर्नला परत तेवढेच वार केले, की ४४. ओग्र या राक्षसाचे सरासरी हिट पॉइंट, म्हणजे जीव, २०१४ च्या पुस्तकात ५९. म्हणजे एकटा ओग्र समोर असला तर पैलवान त्याला एका टर्नमध्ये जवळजवळ लोळवतोय, आणि दहा गोब्लिन घोळक्यात उभे असले तर फायरबॉल. हे ठीकच आहे की, ज्याचं काम त्यानं करावं.

खरी बोंब लढाईच्या बाहेर आहे. भीमगडासारखा जंगलातला एक गड घेतला होता मी, खानापूरकडचा पाऊस पण तसाच लावला होता, कडा निसरडा, दरवाजा बंद. पैलवान अर्धा तास प्लॅन करालाय, दोर कुठं टाकायचा, पहारा कधी बदलतोय, कुठल्या बाजूनं चढायचं, आणि मावसभाऊ चहा पीत पीत म्हणतोय, 'फ्लाय टाकतो'. झालं. पैलवान मोबाईल काढून बसला. त्याच्याकडं जोरात मारणं सोडून दुसरं काहीच नाही आणि ह्याच्याकडं कुलपाला नॉक, पहाऱ्याला इन्व्हिजिबिलिटी, भिंतीला फ्लाय.

जुन्या काळात असं नव्हतं. १९७४ ला गायगॅक्स आणि आर्नेसननी खेळ काढला, पुढं ॲडव्हान्स्ड डी अँड डी आलं त्यात पहिल्या लेव्हलच्या मॅजिक-युजरला (विझार्डचं जुनं नाव) दिवसाला एक स्पेल, हिट पॉइंटला डी४ म्हणजे चार बाजूंचा फासा, आणि मंत्र म्हणताना दणका बसला की स्पेल वाया. लेव्हल चढायला एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, पण प्रत्येक क्लासला (फायटर, विझार्ड असे प्रकार) वेगळे. २००० च्या तिसऱ्या एडिशननं एक्सपीचा तक्ता सगळ्यांना एकच केला, बाकीचे लगाम पण ढिले झाले, आणि मग विझार्ड जो सुटला तो सुटलाच. २००८ ला चौथ्यात सगळ्यांनाच ॲट-विल (कधीही), एन्काउंटर (लढाईत एकदा), डेली (दिवसात एकदा) पॉवर दिल्या, बॅलन्स झालं पण मला तरी सगळे क्लास एकाच साच्यातले वाटतात, फायटर खेळतोय की विझार्ड हे कॅरेक्टर शीट बघून आठवायला लागतंय.

२०१४ च्या पाचव्यात कॉन्सन्ट्रेशन आलं, ते मात्र भारी. फ्लायसारखा लक्ष धरून चालू ठेवायचा स्पेल एका वेळी एकच, मार बसला की कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, म्हणजे तग धरायचा फासा, चुकला की स्पेल गेला. पण त्यातलाच दुसरा लगाम कुणी ओढतच नाही. डीएमच्या पुस्तकात लिवलंय की पार्टी एका दिवसात सहा ते आठ मध्यम किंवा अवघड एन्काउंटर, म्हणजे चकमकी, झेलू शकते, सगळा हिशोब त्यावर बसवलेला. आणि आपण काय करतोय, रविवारी दुपारी जमायचं, एक मोठी मारामारी करायची, लगेच 'लाँग रेस्ट घेतो', म्हणजे आठ तास झोपून सगळे स्पेल परत. पाचव्या लेव्हलच्या विझार्डला तिसऱ्या लेव्हलचे स्लॉट, म्हणजे स्पेल टाकायच्या संधी, दोनच आहेत, आर्केन रिकव्हरीनं, म्हणजे थोडा दम खाऊन, फारतर आणखी एक. दिवसात एकच लढाई असली तर तो कशाला जपून वापरंल?

म्हणून मी स्पेल कापले नाहीत, आठ तासांची झोप महाग केली. मलप्रभेसारखी नदी, वर कणकुंबीच्या अंगाला पाऊस कोसळालाय, पाणी चढालंय, पहाटेच्या आत निरोप पलीकडं पोचला नाही तर गाव गेलं. आता झोप बाबा. तिसऱ्या चकमकीला मावसभाऊ फायर बोल्ट या फुकटच्या छोट्या मंत्रावर आला आणि पैलवानाची तलवार पहिल्यासारखीच चाललेली.

दुसरं एक मी जुन्या नियमातनं उचललं. तिथं नवव्या लेव्हलचा फायटर स्वतःचा गड बांधू शकायचा आणि त्याच्याकडं शिपाई आपणहून यायचे. आपल्याकडं हे कुणाला समजवायला लागत नाही, यळ्ळूरचा राजहंसगड बघत वाढलेली पोरं आहेत सगळी. मी ते पाचव्या लेव्हललाच दिलं, एक चौकी, थोडी माणसं आणि गावात वजन. पुढच्या गडावर मावसभाऊ परत फ्लाय टाकून उडाला, वरनं बाण लागला, स्टीलच्या ताटात डाइस खणखणला, तीन, त्याचा दोन मिळवून पाच, हवे होते दहा, कॉन्सन्ट्रेशन तुटलं आणि गडी तीस फुटावरनं खाली. तवर तटावरचा म्हातारा पहारेकरी पैलवानाला हाक मारून म्हणतोय, "पैलवान, तुम्ही शब्द देत असशिला तर दोर सोडतो, पण त्या मंतरवाल्याला आत घेऊ नका." मोबाईल खिशात गेला बघा.

२०२४ च्या नव्या नियमात वेपन मास्टरी, म्हणजे शस्त्राची खास चाल, आलीय, आमच्या पैलवानानं ग्रेटस्वोर्ड सोडून मॉल, म्हणजे मोठा हातोडा, घेतला, का तर टॉपल आहे, सेव्ह चुकला की समोरचा आडवा. खूश आहे. पण तो परत लढाईतलाच इलाज झाला, कुलूपबंद दरवाज्याला टॉपल चालत नाही.

वरच्या लेव्हलला मात्र माझे हे उपाय पुरत नाहीत, खरं सांगतो. सतराव्याला विश, म्हणजे मागेल ते देणारा मंत्र, आलं की कसली नदी आणि कसली पहाट. म्हणून मी दहा-अकराच्या आसपास कॅम्पेन गुंडाळतो. मावसभाऊ तेराव्यापर्यंत चल म्हणून मागं लागलाय, त्याला सिम्युलॅक्रम पायजे, म्हणजे एकाचे दोन मावसभाऊ. पैलवान म्हणतोय तसं असलं तर मला पण आणखी पन्नास माणसं दे. बघू, गणपतीनंतर ठरवतो.