"समजलं का?" विचारायला आज बंदी

"समजलं का?" असं डॉक्टरने विचारलं की पेशंट "हो" म्हणतो. काही कळलेलं नसलं तरी. म्हणून आज दुसऱ्या वर्षाच्या मुलांना हा प्रश्न विचारायलाच बंदी होती.

2019 च्या बॅचपासून एमबीबीएसला 'एटकॉम' (डॉक्टरची वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद शिकवणारा अभ्यासक्रम) आलं आणि संवादकौशल्याला वेळापत्रकात हक्काची जागा मिळाली. आज टीबीचं औषध समजावून सांगायचं होतं. पेशंट झाल्या होत्या आमच्या समाजसेवा अधीक्षक ताई, आणि काय हुबेहूब! पहिल्या मुलाने चारही औषधांची नावं धडाधड सांगितली, सहा महिन्यांचा कोर्स सांगितला. ताईंनी मान डोलावली. मग त्याने विचारलं, "मावशी, घरी गेल्यावर मुलाला काय सांगाल?"

"खोकला थांबेपर्यंत गोळ्या घ्यायच्यात."

वर्ग चिडीचूप.

खोकला-ताप काही आठवड्यांत कमी होतो, जंतू मात्र शिल्लक असतात. औषध अर्ध्यावर सोडलं तर आजार उलटतो, पुढे औषधाला दादही देईनासा होतो. त्याला हे सगळं तोंडपाठ होतं. आता त्याने खुर्ची जवळ ओढली आणि थांबत थांबत, ताईंनाच मध्ये बोलू देत, पुन्हा सांगितलं. मला फार भरून आलं.

ही तालीम औषधशास्त्राइतकीच गांभीर्याने व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं. मार्क असोत वा नसोत.

पुढच्या तासाला, वाईट बातमी नातेवाइकांना कशी सांगायची. विषय मुलांनीच मागून घेतलाय.