चॉपिंग बोर्ड घेताना मुंबईतल्या माणसाने एकच गोष्ट आधी बघावी : तो वाळणार कुठे?

माझ्या नणंदेने कांदिवलीला नवीन घर घेतलंय आणि वहिनी कुठला बोर्ड घेऊ म्हणून तिचे सारखे मेसेज येतायत, तेव्हा म्हटलं एकदाच नीट लिहून टाकूया, अजून कोणाला उपयोग झाला तर बरंच.

सगळे आधी लाकडी की प्लास्टिक हे विचारतात. मी म्हणते आधी ओट्याजवळ जाऊन उभे रहा आणि बघा की धुतलेला बोर्ड उभा करून ठेवायला जागा कुठे आहे, तिथे वारा लागतो का, कारण जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास किंवा वरच असते, कपडे वाळत नाहीत तिथे इंचभर जाडीचं लाकूड काय वाळणार. भांड्यांच्या जाळीत आडवा टाकलेला बोर्ड खालच्या बाजूने दिवसभर ओलाच राहतो आणि मग काळे ठिपके येतात. लाकडी बोर्ड खराब होतो तो यानेच, कापण्याने नाही.

दुसरं म्हणजे सिंक. बोर्ड सिंकमध्ये तिरका तरी पूर्ण मावला पाहिजे, नाहीतर तो कधीच नीट धुतला जात नाही, नुसता फडक्याने पुसला जातो. आपल्या वन बीएचकेच्या सिंकला साधारण १४ बाय १० इंचाचा पुरतो. जाडी पाऊण ते एक इंच. त्याहून जाड दिसायला मस्त असतात पण घरातल्या वयस्कर माणसांना ओल्या हाताने उचलवत नाहीत.

आता लाकूड की प्लास्टिक. प्लास्टिक स्वच्छ आणि लाकडात जंतू राहतात असं आपण सगळ्यांनीच ऐकलेलं आहे. पण अमेरिकेत डीन क्लाइव्हर म्हणून एक संशोधक होते, आधी विस्कॉन्सिनला आणि मग कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठात, त्यांनी १९९० च्या दशकात हेच तपासलं. खरंतर लाकडी बोर्ड प्लास्टिकइतके सुरक्षित कसे करता येतील हे शोधायला ते निघाले होते, आणि दिसलं असं की लाकडावर टाकलेले जंतू ओलाव्याबरोबर आत ओढले जातात, तिथे वाढत नाहीत आणि हळूहळू मरतात. नवीन प्लास्टिक सहज साफ होतं, पण सुरीचे चरे पडले की त्या चऱ्यांतले जंतू हाताने घासून निघणं कठीण. म्हणजे घरोघरी चार-चार वर्षं वापरात असलेला तो पांढरा, हळदीने पिवळा पडलेला बोर्ड हाच काळजीचा विषय आहे. शिवाय २०२३ मध्ये नॉर्थ डकोटा स्टेट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी प्लास्टिकच्या बोर्डवर गाजरं कापून बघितली तर मायक्रोप्लास्टिक म्हणजे प्लास्टिकचे बारीक कण सुटतात असं दिसलं, बोर्डसाठी वापरल्या जाणाऱ्या दोन प्लास्टिकांपैकी पॉलिप्रॉपिलीनमधून पॉलिइथिलीनपेक्षा जास्त. उंदरांच्या पेशींवर त्या कणांचा ठळक परिणाम त्यांना दिसला नाही, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही, पण रोजचा कांदा-कोथिंबीर मी तरी लाकडावरच कापते.

काचेचा बोर्ड भेट म्हणून फार येतो. नका वापरू. सुरीची धार काही दिवसांत जाते आणि बोथट सुरी सटकून बोटावर येते. आजकाल स्टीलचे निघालेत त्यांचंही तेच, आणि ग्रॅनाइटच्या ओट्यावर डायरेक्ट कापणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे.

लाकडात बाजारात मिळतं ते म्हणजे आंबा, बाभूळ, शिसम, साग, रबरवुड, आणि बांबू (जो खरं तर गवत आहे, पट्ट्या गोंदाने चिकटवलेल्या असतात). साग पाणी कमी शोषतो म्हणजे मुंबईला बरा, पण सागात नैसर्गिकरीत्या सिलिका असतं, त्यामुळे सुरीला धार जरा लवकर लावावी लागते. बांबूचंही तसंच, शिवाय पावसाळ्यात जोडांना भेगा जाऊ शकतात. मला विचाराल तर साग नाहीतर शिसम, शक्यतो एकाच फळीचा किंवा कमीत कमी जोडांचा. दुकानात विचारून घ्या की वर व्हार्निश किंवा मेलामाईन पॉलिश मारलेलं नाही ना, चकचकीत दिसत असेल तर ठेवून द्या, ते पॉलिश सुरीने निघून भाजीत जाणार. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) आणि प्लायचे तर नकोच.

आणि हो, जोगेश्वरी-ओशिवऱ्याला जुन्या इमारतींचं बर्मा टीक, म्हणजे ब्रह्मदेशी साग, मिळतं, सुताराकडून त्याचा बोर्ड करून घ्यावा असं बऱ्याच जणांच्या मनात येतं, लाकूड सुंदरच असतं, पण त्या चौकटींवर वर्षानुवर्षं कुठला रंग, कुठलं वाळवीचं औषध मारलंय कोणाला ठाऊक, जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. त्याचं स्टूल करा. खायच्या वस्तूला नको.

खाली रबरचे पाय असलेला बोर्ड मी घेत नाही कारण मग एकच बाजू वापरता येते. आमच्याकडे एका बाजूवर कांदा-लसूण-मिरची आणि दुसऱ्या बाजूवर फक्त फळं, कोपऱ्यात छोटी खूण केलेली आहे, नाहीतर सफरचंदाला लसणाचा वास येतो आणि मुलं खात नाहीत. सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं घातलं की झालं.

मासे आणि चिकन आपण बहुतेक बाजारातूनच कापून आणतो, कोळीण मावशी तिच्या कोयत्याने सुरमईच्या तुकड्या करून देते तशा घरी जमतही नाहीत. तरी कोळंबी साफ करायला, बोंबील उघडायला काहीतरी लागतंच. त्याला वेगळा पातळ प्लास्टिकचा ठेवा, गरम पाण्याने आणि साबणाने धुवा, आणि नखाला चरे लागायला लागले की सरळ टाकून द्या. मोठ्या हॉटेलांच्या किचनमध्येसुद्धा रंग ठरलेले असतात, कच्च्या माशाला निळा, कच्च्या मटणाला लाल, सॅलडला हिरवा. घरी इतके नको पण दोन हवेतच.

फणस आणि केळफूल मात्र लाकडावर नाही. चीक जात नाही. त्याला सासूबाईंची विळी आणि खाली वर्तमानपत्र.

लाकडी बोर्ड भिजत घालायचा नाही, आमच्या भांडी घासणाऱ्या मावशींना सांगूनच ठेवलंय की रात्रीच्या भांड्यांबरोबर सिंकमध्ये टाकू नका. दोन्ही बाजू धुवायच्या, एकच धुतली तर फळी वाकते. पुसायचा आणि उभा करायचा. महिन्यातून एकदा तेल, पण शेंगदाण्याचं किंवा सनफ्लॉवर नको, ते खवट होतं. केमिस्टकडे लिक्विड पॅराफिन आयपी मागा, साधं, कारण पोट साफ होण्यासाठी मिल्क ऑफ मॅग्नेशिया मिसळलेलं पण मिळतं, ते नको. रात्री चोळून ठेवायचं, सकाळी पुसायचं. नवीन बोर्डला आणि पावसाळा सुरू व्हायच्या आधी मी दोन-तीन रात्री लागोपाठ लावते, कडांना जास्त, कारण पाणी सगळ्यात जास्त तिथूनच आत शिरतं.