चिमटा उचलताना

गेल्या आषाढातली गोष्ट. संध्याकाळी भरलेला गॅस सिलिंडर मी एकटीने गॅलरीतून ओट्याखाली आणून लावला. टाकीसकट वजन तीस किलोच्या आसपास. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कपडे वाळत घालताना एक चिमटा खाली पडला, तो उचलायला वाकले आणि तशीच राहिले. खाली जाता येईना, वर येता येईना.

"उसण भरली," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या लहानपणी वाड्यात एक पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेले, गृहस्थ होते म्हणे. ते कमरेला पाय लावायचे आणि उसण पळायची. आमच्या सोसायटीत पायाळू कोण ते शोधायचं कसं, म्हणून शेक घेतला. मग डॉक्टर, गोळ्या, मेडिकलमधून आणलेला कमरेचा पट्टा, आणि "पंधरा दिवस झोपून राहा" हा सल्ला. मी आज्ञाधारकपणे तीन आठवडे झोपले. उठले तेव्हा कंबर होती त्याहून आखडलेली. एमआरआय केला. मणक्यांमधल्या शेवटच्या दोन गाद्या फुगल्यात, असा रिपोर्ट. नातेवाइकांत बातमी पोचेपर्यंत "हिची गादी सरकली" झालं, आणि मी खाली पडलेला चमचासुद्धा पायाने ढकलत नेऊन कुणीतरी उचलायची वाट बघायला लागले.

शेवटी मैत्रिणीने सदाशिव पेठेतल्या एका फिजिओथेरपिस्टकडे नेलं. मुलगी पंचविशीची असेल. मी त्रेचाळीसची, तरी "काकू". गिळलं.

तिने आधी रिपोर्ट बघितलाच नाही. पायात जोर कमी वाटतो का, लघवी-संडासवरचा ताबा गेलाय का, बसायच्या जागी बधिरपणा आहे का, हे विचारलं. "यातलं काही असतं तर तुम्हाला इथे न थांबवता हॉस्पिटलला धाडलं असतं." मग रिपोर्टवर नजर टाकून म्हणाली, "काकू, कंबर कधीच दुखली नाही अशा लोकांचे एमआरआय काढले तरी विशीतल्या 37 टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसतात. ऐंशीच्या लोकांत 96 टक्के. केस पिकतात तसंच हे." घरी येऊन तपासलं. 2015 मध्ये बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून तसं छापलेलं आहे.

माझा मुख्य प्रश्न चिमट्याचा होता. सिलिंडरला काही झालं नाही आणि चिमट्याला कंबर कशी धरली? तिने मला उताणं झोपवून माझीच दोन बोटं कमरेच्या हाडाच्या जरा आत ठेवायला लावली. "खोका." बोटांखाली काहीतरी ताठ झालं. पोटाच्या सगळ्यात आतल्या थरात एक स्नायू कमरेला आडवा वेढून असतो, पाठीमागे मणक्यांना धरून बारीक स्नायू असतात, वर श्वासाचा पडदा, खाली ओटीपोटाचा तळ. हे सगळं मिळून कोअर. आपण नुसता हात उचलला तरी धडधाकट माणसात तो आडवा स्नायू हाताच्या आधी आवळतो. कंबरदुखीवाल्यांत तो उशिरा जागा होतो, हे 1996 मध्ये ऑस्ट्रेलियात मोजून पाहिलंय. सिलिंडर उचलताना मी दात-ओठ खाऊन तयार होते. चिमट्यासाठी कोण तयार होतं?

पहिला आठवडा हसू यावं असा गेला. ती "हळूच आवळा" म्हणायची आणि मी लग्नाच्या फोटोत पोट आत घेतात तशी दम कोंडून पडायचे. "काकू, श्वास!" ताकद दहातली दोनच लावायची आणि बोलता आलं पाहिजे. मी शेवटी पाढे म्हणायला लागले. एकोणतीसच्या पाढ्याला आवळलेलं सुटायचं.

मग हात-गुडघे टेकून ओणवं होऊन उजवा हात पुढे, डावा पाय मागे, दहा सेकंद. ही कसरत सोपी वाटते. तिने सांगितलं होतं, घरी कमरेवर पाण्याने भरलेलं फुलपात्र ठेवा. पहिल्या दिवशी पाय उचलायच्या आधीच सतरंजी ओली. पाय वर फेकला की कंबर एका बाजूला कलते हे मला तोवर कळतच नव्हतं. पाण्याला कळत होतं. पाय कमरेच्या रेषेपर्यंतच न्यायचा आणि टाच मागच्या भिंतीकडे ढकलायची, ही मेख सापडायला बारा दिवस लागले. सोबत कुशीवर कोपर टेकून अंग उचलणं, आणि उताणं पडून एक गुडघा वाकवून डोकं इंचभर उचलणं. बस, एवढंच.

आणखी एक चूक: मी हे सगळं पहाटे उठल्या उठल्या करायचे. रात्रभर आडवं पडल्यावर गाद्या पाणी शोषून टम्म होतात, तेव्हा वाकण्याचा ताण जास्त बसतो. तासभर थांबून करायला लागले आणि सकाळची कळ निम्मी झाली.

कोअर म्हणजे रामबाण असं मात्र मी कुणाला सांगत नाही. फिजिओनेच सांगितलं, नियमित केलेल्या दुसऱ्या व्यायामांनीही साधारण तेवढाच फरक पडतो, चालणंसुद्धा चालेल. मला हे चाललं, कारण वाकायची भीती गेली. तिसऱ्या महिन्यात पर्वतीच्या 103 पायऱ्या चढले. दुसऱ्या दिवशी कंबर नाही, पोटऱ्या दुखल्या. सिंहगड रोडच्या खड्ड्यांत स्कूटर आपटली की अजून कुरकुरते. तेव्हा गोळी न घेता सतरंजी काढते.

पट्टा सध्या मिस्टरांकडे आहे. परवा त्यांनी तुळशीची कुंडी हलवली. सासूबाईंनी पुन्हा पायाळू गृहस्थांची आठवण काढली, आणि मी मुकाट्याने फुलपात्र भरून सतरंजीशेजारी ठेवलं.